काराकोरमचे कासव आणि घोडीचे दूध



मंगोल हे नाव उच्चारले की मराठी माणसाला प्रथम आठवतात ते मोगल. 'मोगल' हे 'मंगोल' या नावाचेच फारसी वळणाचे रूप, आणि बाबराची आई चंगीझखानाच्या वंशातली. पण आपल्या पूर्वजांनी ज्यांच्याशी झुंज दिली ते मोगल किल्ले, महाल आणि कबरी बांधणारे होते. त्यांची दिल्ली-आग्रा पाहिलेला प्रवासी तीच अपेक्षा मनात धरून मंगोलियात गेला तर त्याची मोठी निराशा व्हावयाची. अर्ध्या जगावर ज्यांनी सत्ता गाजवली त्यांची राजधानी कुठे आहे, असे त्याने विचारले तर त्याला गवताचे एक मोकळे मैदान दाखवण्यात येईल.

ही राजधानी म्हणजे काराकोरम. काश्मीरच्या उत्तरेस याच नावाची पर्वतरांग आहे, तिच्याशी या नगराची गल्लत करू नये. उलानबातरपासून पश्चिमेला सुमारे ३६० किलोमीटरवर, ओरखोन नदीच्या खोऱ्यात हे नगर वसले होते. चंगीझखानाचा मुलगा ओगेदेई याने १२३५ मध्ये त्याला तट घातला. पुढे कुबलाईखानाने आपले आसन चीनमध्ये नेले, नगराचे वैभव ओसरले, आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस मिंग सैन्याने ते उद्ध्वस्त केले. आज तेथे ठळकपणे दिसते ते एक दगडी कासव. त्याच्या पाठीवरचा शिलालेख केव्हाच नाहीसा झाला. कासव मात्र गवतात बसून आहे.

मग या देशाचा इतिहास पाहावयाचा तरी कुठे? आमचे उत्तर असे, की तो तंबूत पाहावा आणि ताटात पाहावा. यासाठी एक जुना साक्षीदार आपण सोबत घेऊ.

फ्रान्सचा राजा नववा लुई याच्या संमतीने रुब्रुक गावचा विल्यम नावाचा एक ख्रिस्ती साधू १२५३ मध्ये पूर्वेकडे निघाला. १२५४ च्या वसंतात तो मोंगके खानाच्या काराकोरमात पोहोचला. तेथे बारा देवळे, दोन मशिदी व एक चर्च असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. खानाच्या महालात त्याने चांदीचे एक झाड पाहिले. हंगेरीच्या स्वारीत पकडून आणलेल्या पॅरिसच्या एका सोनाराने, गियोम बूशे याने, ते घडवले होते. झाडाच्या मुळाशी चांदीचे चार सिंह होते आणि त्यांच्या मुखांतून घोडीचे दूध वाहत असे. वरच्या नळ्यांतून द्राक्षांची दारू, घोडीच्या दुधाची निवळ, मधाचे पेय आणि तांदळाची दारू येई. ते झाड गेले, सोनार गेला, महालही गेला. पण घोडीचे दूध मात्र आजही त्याच खोऱ्यात वाहते आहे!

या आंबवलेल्या दुधाला मंगोल लोक 'ऐराग' म्हणतात. उन्हाळ्यात दर दोन-तीन तासांनी घोडी पिळतात. आधी शिंगराला पाजतात, पान्हा सुटला की मग धार काढतात. ही रीत आपल्या गोठ्यातल्या बायांना वेगळी सांगावयास नको. दूध चामड्याच्या मोठ्या पिशवीत ओततात. आपली पखाल जिने पाहिली आहे तिला ही पिशवी ओळखीची वाटेल. पिशवी दाराजवळ टांगलेली असते, तिच्यात लाकडी रवी असते, आणि येणारा-जाणारा दोन हात घुसळून पुढे जातो. दिवसाकाठी हजारो वेळा घुसळल्यावाचून चांगले ऐराग होत नाही. विल्यमनेही हेच वर्णन केले आहे. पहिल्या घोटाला त्याला दरदरून घाम फुटला, पण नंतर त्याला ती चव आवडली. जिभेला आंबूस चुरचुर आणि मागून बदामाच्या दुधासारखी गोडी, असे त्याचे मत पडले. वाटेत भेटलेले दुसरे ख्रिस्ती लोक मात्र हे पेय प्यायल्यास आपण धर्माला मुकू असे समजत. खाण्यापिण्याने बाटण्याची कल्पना आपल्याच देशात होती असे नव्हे!

मंगोल माणूस आपल्या अन्नाचे दोन भाग करतो, पांढरे आणि तांबडे. उन्हाळ्याचे पांढरे अन्न म्हणजे दूध, सायीचे जाड थर, ताक, आणि उन्हात वाळवून दगडासारखे कठीण केलेले दह्याचे तुकडे, म्हणजे 'आरूल'. हिवाळ्याचे तांबडे अन्न म्हणजे मांस. पट्ट्या कापून, मीठ न लावता, वाऱ्यावर वाळवलेल्या मांसाला 'बोर्त्स' म्हणतात. विल्यमच्या वृत्तांतात हे दोन्ही पदार्थ आहेत. उणे चाळीस अंशांपर्यंत पारा उतरतो त्या देशात शेत फारसे पिकत नाही. गवताचे दूध करावयाचे आणि दुधाची शिदोरी करावयाची, एवढाच मार्ग उरतो. घोडेस्वारांची सैन्ये हजारो मैल दौडली, त्यामागे ही हलकी, न नासणारी शिदोरी होती, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये.

सर्वच काही जुने आहे असे मात्र म्हणता येत नाही. आज गेरमध्ये, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूत, शिरताच पाहुण्याच्या हाती दूध आणि मीठ घातलेला चहा येतो. विल्यमने दिलेल्या पेयांच्या यादीत हा चहा नाही. तो पुढे चीनमधून दाबलेल्या विटांच्या रूपाने आला, आणि त्या विटा नाण्यासारख्याही चालल्या. नववर्षाला वाफवतात ते 'बूझ', म्हणजे खिम्याचे मोदकच म्हणा ना, तेही नावाने आणि घडणीने चिनी वळणाचे. जुलैतल्या नादाम उत्सवात कुस्ती, घोड्यांच्या शर्यती आणि तिरंदाजी पाहताना लोक तळलेले 'खूशूर' खातात. 'खोर्खोग' मात्र खास तेथला. तापवलेले गोटे मांसाबरोबर बंद भांड्यात घालतात. मांस शिजले की ते चिकट, गरम गोटे प्रथम पाहुण्यांच्या हातांत देतात. गोटा या हातातून त्या हातात खेळवावयाचा, मग जेवावयाचे.

शिष्टाचार मात्र फारसे बदलले नाहीत. तंबूच्या उंबरठ्यावर पाय ठेवू नये, अशी ताकीद आजही प्रवाशाला मिळते. १२५४ मध्ये विल्यमचा सोबती खानाच्या दारी उंबरठ्याला अडखळला. त्याची चौकशी झाली, अजाणता घडले म्हणून तो सुटला, पण पुन्हा त्याला आत प्रवेश मिळाला नाही.

काराकोरमच्या ढिगाऱ्याशेजारीच एर्देनी झू हा मठ आहे. १५८५ च्या सुमारास अबताई सैन खानाने पडक्या राजधानीचेच दगड वापरून तो बांधला. 'एर्देनी' हा आपला 'रत्न' शब्दच. बौद्ध धर्माबरोबर मध्य आशियातून फिरत तो तेथे पोहोचला. मंगळाला मंगोल लोक 'अंगारग' म्हणतात आणि बुधाला 'बुद'. मठाच्या तटावर पांढऱ्या स्तूपांची रांग आहे. परंपरा त्यांची संख्या १०८ सांगते. १९३७ ते १९३९ या काळात तेथील साम्यवादी राजवटीने शेकडो मठ जमीनदोस्त केले आणि हजारो लामांना ठार मारले. एर्देनी झूची बरीच मंदिरे पडली. जी उरली त्यांचे १९४७ मध्ये संग्रहालय झाले. १९९० नंतर तेथे पुन्हा पूजा सुरू झाली.

तेव्हा असे दिसते, की नगर परक्यांनी मोडले, मठ आपल्यांनीच मोडले, पण पखाल कोणी मोडू शकले नाही. ऐरागच्या रीतीला २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले.

पण याच ठिकाणी सावध व्हावयास हवे. उन्हाळा कोरडा जाऊन पुढे हिवाळा भयंकर पडला, गवतावर बर्फाचे कवच बसले, की जनावरे उभ्या उभ्या उपाशी मरतात. या संकटाला ते 'झुद' म्हणतात. २०२३-२४ च्या हिवाळ्यात सत्तर लाखांहून अधिक जनावरे मेली. कळप गेलेला धनगर तंबू गुंडाळून उलानबातरच्या कडेला येतो; देशातली जवळजवळ निम्मी वस्ती आज त्या एका शहरात आहे. त्याच्या तंबूत चूल पेटते, पण घोडी नसते. आणि घोडी नसेल तर पखाल दाराशी टांगून काय करावयाचे?

दगडाचे स्मारक एकदा बांधले की मालक नसतानाही राहते; काराकोरमचे कासव त्याला साक्षी आहे. दुधाचे स्मारक दर उन्हाळ्याला नव्याने घुसळावे लागते. म्हणून आपल्यापैकी कोणी त्या देशी गेलाच, तर कासव अवश्य पाहावे. पण गेरमध्ये वाडगे पुढे आले की उजव्या हाताने घ्यावे, दोन घोट प्यावेत, आणि बाहेर पडताना त्या रवीला आपलेही दोन हात लावावेत.