उत्सवाचा मान कोणाचा? नाशिकच्या एका वर्षाचा इतिहास

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आजचा विषय आहे नाशिकचं एक वर्ष. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत या शहरात जे उत्सव, यात्रा, व्याख्यानं, संमेलनं होतात, त्यांच्याकडे आपल्याला इतिहास म्हणून बघायचं आहे.

सुरुवात थोडी लांबून करतो. युरोपात १९८५ पासून एक प्रथा आहे. एखादं शहर निवडायचं आणि वर्षभर तिथे नाटकं, संगीत, प्रदर्शनं भरवायची. ग्रीसच्या तेव्हाच्या सांस्कृतिक मंत्री आणि अभिनेत्री मेलिना मर्कुरी यांची ही कल्पना. पहिला मान अथेन्सला मिळाला. आज या योजनेला 'युरोपची सांस्कृतिक राजधानी' म्हणतात. १९९० मध्ये हा मान ग्लासगोला मिळाला. जहाजबांधणीवर वाढलेलं हे कामगारांचं शहर आणि तो उद्योग तेव्हा बसत चालला होता. वर्षभर मोठमोठे कार्यक्रम झाले. पण तिथल्याच काही लेखकांनी आणि कार्यकर्त्यांनी एक प्रश्न विचारला: ही संस्कृती कोणाची? आमच्या शहराच्या उत्सवात आम्ही कुठे आहोत?

हा प्रश्न ग्लासगोपुरता नाही. नाशिकमध्ये तो फार जुना आहे. किती जुना? सुमारे एकोणीसशे वर्षांचा.

पांडवलेणी आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. तिथल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी तिने ते लेणं बौद्ध भिक्षूंना दान दिलं आणि लेखात आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याची स्तुती कोरून ठेवली. त्या स्तुतीत, हा राजा 'उत्सव' आणि 'समाज' भरवणारा होता, असं म्हटलं आहे. इथे 'समाज' म्हणजे आजचा समाज नव्हे. लोक खेळ-तमाशे बघायला जमतात तो मेळावा, असा तेव्हाचा अर्थ. आणि त्याच लेखात त्याच राजाची आणखी एक स्तुती आहे: त्याने चार वर्णांची सरमिसळ थांबवली.

आता बघा, एकाच भिंतीवर दोन्ही गोष्टी आहेत. राजा लोकांना एकत्र जमवतो आणि जमलेल्यांनी मिसळू नये याचीही काळजी घेतो. नाशिकच्या वर्षाचा इतिहास मला या दोन वाक्यांच्या मधला वाटतो. आपल्याकडे त्यासाठी एक नेमका शब्द आहे, 'मान'. पालखीचा मान, रथाचा मान, पहिल्या स्नानाचा मान. उत्सव कोणाचा हे मानावरून ठरतं.

चैत्रापासून सुरू करू. रामनवमी झाली की दोन दिवसांनी, चैत्र शुद्ध एकादशीला, काळाराम मंदिरातून रथ निघतात. एक रामरथ, एक गरुडरथ. पंचवटीतलं हे मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलं. ज्यांच्याकडे त्या वर्षीची पाळी असते ते बुवा रामाकडे तोंड करून, रथापुढे उलट पावली चालतात. रथ ओढण्याचा मान तालमींकडे आहे. रास्ते आखाडा तालीम संघ आणि अहिल्याराम व्यायामशाळा ही नावं नाशिककरांना सांगायला नकोत.

पण या रथाच्या दोराला १९३० मध्ये एक वेगळा हात लागणार होता.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. तारीख लक्षात ठेवा. दांडीयात्रा निघाली १२ मार्चला, म्हणजे त्यानंतर दहा दिवसांनी. नाशिकची सगळी बांधणी दादासाहेब गायकवाडांची. दादासाहेब याच जिल्ह्यातले, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. हजारो माणसं मिरवणुकीने मंदिरापाशी आली. दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदेच्या घाटाकडे वळली, तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांवर स्त्री-पुरुष ठिय्या देऊन बसले.

महिना गेला. ९ एप्रिलला रथाचा दिवस आला. तडजोड अशी ठरली होती की रथ दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून ओढायचा. लक्षात घ्या, मागणी काय होती? दोराला हात लावायचा. पण सत्याग्रही पुढे होण्याआधीच रथ पळवला गेला. दगडफेक झाली. भास्कर कद्रेकर नावाचा तरुण पोलिसांचं कडं तोडून रथाकडे धावला आणि रक्तबंबाळ होऊन पडला. स्वतः बाबासाहेबांनाही इजा झाली.

सत्याग्रह पुढे पाच वर्षं चालला. मंदिर उघडलं नाही. ऑक्टोबर १९३५ मध्ये, याच जिल्ह्यातल्या येवल्याला, बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. म्हणजे देशाच्या इतिहासातलं एक मोठं वळण नाशिकच्या वार्षिक उत्सवातून गेलेलं आहे. उत्सव म्हणजे नुसती हौस, असं म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

चैत्र-वैशाखाच्या उन्हात गोदाघाटावर दुसरा एक उत्सव असतो, वसंत व्याख्यानमालेचा. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली तीच ही परंपरा. नाशिकची माला १९२२ ची. यशवंतराव महाराज पटांगणावर, उघड्यावर, संध्याकाळी. इथे तिकीट नाही, मानकरी नाही. जो येऊन बसेल तो श्रोता. साधी वाटते, पण ही मोठी गोष्ट आहे. आणि सत्याग्रहाच्या आधी आठ वर्षं ती त्याच नदीकाठी सुरू झाली होती. एकाच घाटावर एक दार उघडं आणि एक बंद, असा तो काळ.

भाद्रपदात गणपती. १ जानेवारी १९०० रोजी नाशिकमध्ये सावरकर बंधूंच्या मंडळींनी 'मित्रमेळा' काढला. १९०४ मध्ये त्याचं 'अभिनव भारत' झालं. गणेशोत्सव आणि शिवजयंती हीच त्यांची उघडी व्यासपीठं होती. कवी गोविंद, म्हणजे गोविंद त्र्यंबक दरेकर, यांची गाणी तिथे गाजली. पायांनी अधू असलेला हा कवी. त्यांच्या कविता छापल्या म्हणून १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. गाण्यांसाठी काळं पाणी! सरकारला उत्सवाची ताकद कळली होती.

त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरमध्ये 'संगीत शारदा'चा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपाचा प्रसंग. तिथेच अनंत कान्हेरेने त्यांना गोळ्या घातल्या. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे, देशपांडे फाशी गेले. बालाजरठ विवाहावर टीका करणारं नाटक, समोर इंग्रज अधिकारी, आणि प्रेक्षकांत क्रांतिकारक. शहराचा सांस्कृतिक कार्यक्रम किती थरांचा असतो, बघा.

पुढे पौष. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा असते. दिंड्या नाशिकमधून पायी जातात. थंडी कडाक्याची असते, आणि त्या काही दिवसांत शहराच्या रस्त्यांवर टाळ-मृदंग ऐकू येतात. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. मुंबई, गोवा, वसईकडून माणसं येतात. ईदला त्र्यंबक रोडच्या ईदगाह मैदानावर नमाज होते. मोगल काळात या शहराचं नावच गुलशनाबाद होतं, हे आपण सहसा विसरतो.

२७ फेब्रुवारी कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार एक वर्षाआड याच दिवशी दिला जातो. १९९१ चा पहिला पुरस्कार विजय तेंडुलकरांना, २००७ चा बाबुराव बागुलांना. बागुल नाशिकजवळच्या विहितगावचे. दलित साहित्याचा हा मोठा लेखक आपल्याच गावच्या मंचावर गौरवला गेला. यामागे एक धागा आहे. तरुण शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, १९३२ मध्ये काळाराम सत्याग्रहात सामील झाले होते. दाराबाहेर बसलेल्यांच्या बाजूला ते होते. पुढे त्यांच्या नावाच्या मानाची यादी झाली, तिच्यात बागुलांचं नाव असणं मला योगायोग वाटत नाही.

प्रश्न तिथे संपला असंही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष जयंत नारळीकर. त्याच दिवसांत, याच शहरात, विद्रोही साहित्य संमेलनही भरलं. एका शहरात दोन मांडव. कोणी म्हणेल, ही फूट. मी म्हणेन, आपला मांडव घालता येणं हाही १९३० नंतरचा बदल आहे.

फाल्गुनात वर्ष संपतं ते रंगपंचमीला. रहाडी म्हणजे जमिनीत खोदलेले, दगडांनी बांधलेले पेशवेकालीन हौद. शनि चौक, तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा. वर्षभर त्यांच्यावर लाकडं आणि माती टाकलेली असते, वरून गाड्या जातात. एक दिवस उघडतात, पूजा होते, फुलांचा रंग उकळून ओततात, आणि मग धप्पा! उडी मारायची. पूजेचा मान ठरलेला असतो. पण त्या पाण्यातून बाहेर येणारा माणूस कोणत्या घरचा, कोणत्या गल्लीतला, हे रंगामुळे ओळखू येत नाही. एका दिवसापुरतं का होईना, शिलालेखातल्या दुसऱ्या वाक्याला दिलेलं हे उत्तर आहे.

आता पुढचं. २०२७ चा सिंहस्थ आपल्यासमोर आहे. आखाड्यांचा स्नानाचा क्रम, शैवांनी त्र्यंबकला आणि वैष्णवांनी रामकुंडावर स्नान करायचं ही वाटणी, हे सगळं मानाच्या भांडणांतूनच ठरत आलं. २००३ च्या सिंहस्थात, २७ ऑगस्टला, पंचवटीत चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसं गेली. ती मानाची माणसं नव्हती, साधे भाविक होते. म्हणून नियोजनाचा आराखडा वाचताना मिरवणुकीचा मार्ग जसा बघतो, तसाच गर्दीतल्या शेवटच्या माणसाचा मार्गही बघायला हवा. दुसऱ्या दिवशी पहाटे घाट झाडणाऱ्या सफाई कामगारांचं नाव कोणत्याही मानाच्या यादीत नसतं, तेही बघायला हवं.

पांडवलेणीच्या पायथ्याशी, बुद्धस्मारकाच्या आवारात, २०२३ मध्ये श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या बोधिवृक्षाची फांदी लावली गेली. हजारो लोक जमले. ज्या डोंगरावर वर्णांची सरमिसळ थांबवल्याची स्तुती कोरली आहे, त्याच डोंगराखाली आज कोण जमतं, हे पाहिलं की इतिहास किती पुढे सरकला याचा अंदाज येतो.

माझी एवढीच विनंती आहे. यंदा चैत्र एकादशीला रथ बघायला गेलात, तर मूर्तीचं दर्शन जरूर घ्या. मग थोडं थांबा आणि दोराला कोणाकोणाचे हात लागले आहेत, तेही बघा.

आता प्रश्न असतील तर घेऊ.