अल्बमपासून मागे: छोट्या शहरातल्या छायाचित्रकाराच्या अभ्यासाची प्रस्तावना

जुन्या दिल्लीत चांदणी चौकात कूचा चौधरी नावाची गल्ली आहे. कॅमेरे, लेन्स, फ्लॅश, ट्रायपॉड, बॅगा आणि बॅटऱ्यांच्या दुकानांनी ती ठासून भरलेली आहे. मेरठ, बुलंदशहर, रोहतक, पानिपत, अलवर इथले स्टुडिओवाले लग्नसराईच्या तोंडावर इथे खरेदीला येतात. काउंटरवर पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: बॉडी कोणती घेऊ? या विषयाचा अभ्यास त्या प्रश्नाचे उत्तर जरूर देतो, पण सगळ्यात शेवटी. आधी त्याला इतर पुष्कळ प्रश्न विचारायचे असतात.

राष्ट्रीय राजधानी क्षेत्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडा येतात. पण १९८५च्या कायद्याने जन्मलेल्या आणि पुढे वाढत गेलेल्या या सुमारे ५५ हजार चौरस किलोमीटरच्या प्रदेशात खुद्द दिल्ली जेमतेम दीड हजार चौरस किलोमीटरची आहे. बाकी सारा मुलूख उत्तर प्रदेश, हरियाणा आणि राजस्थानातल्या जिल्ह्यांचा, म्हणजे तालुक्याच्या गावांचा आणि मंडईच्या शहरांचा. मराठी माणसाला यातले पानिपत तेवढे नावाने ठाऊक असते. (तिथल्या काला आंबला जाऊन फोटो काढून घेणाऱ्या मराठी पर्यटकांची संख्या पाहता, या विषयाशी आपला संबंध अगदीच नाही असे म्हणता येणार नाही.) बाजार, लॅब, शिकवण्या, संग्रहालये सगळे राजधानीत आणि काम मात्र ऐंशी-नव्वद किलोमीटरवरच्या गावात, ही तिथल्या छायाचित्रकाराची रोजची स्थिती. बार्शी, चाळीसगाव किंवा उदगीरमध्ये स्टुडिओ चालवणाऱ्याला ती परकी वाटू नये.

महानगरात एका लग्नावर चार-पाच जण काम करतात. फोटो काढणारा वेगळा, निवडणारा वेगळा, रंग सुधारणारा वेगळा, अल्बम लावणारा आणखी वेगळा. छोट्या शहरात ही सगळी कामे एकाच माणसाच्या गळ्यात असतात, शिवाय पार्टीकडून उरलेले पैसे वसूल करण्याचेही. म्हणून उपकरणांची निवड आणि एडिटिंगचे शिक्षण हे त्याच्यासाठी दोन स्वतंत्र विषय नाहीत. त्याची साखळी एकच आहे, आणि ती मागून पुढे वाचावी लागते: गिऱ्हाइकाच्या हातात शेवटी काय पडणार तिथून सुरुवात करायची आणि कॅमेऱ्यापर्यंत मागे यायचे.

छायाचित्रणाच्या इतिहासलेखनाने या माणसाकडे फारसे पाहिलेले नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तिच्या सुरुवातीच्या मंडळींत डॉ. नारायण दाजी होते, हे आपण अभिमानाने सांगतो. धुंडिराज गोविंद फाळके यांनी चित्रपटाच्या कितीतरी आधी गोध्र्यात फोटो स्टुडिओ थाटला होता आणि प्लेगच्या साथीने घरावर घाला घातल्यावर ते गाव सोडले, हे चरित्रात एका ओळीत येऊन जाते. त्या स्टुडिओत कोणता कॅमेरा होता, काचा कुठून येत, महिन्याचा हिशेब कसा बसे, याची चौकशी व्हायला हवी होती. छोट्या शहरातल्या व्यवसायाचा खरा इतिहास अशा तपशिलांत असतो.

दिल्लीचा इतिहास या बाबतीत जास्त बोलका आहे. महट्टा अँड कंपनी १९१५ साली श्रीनगरात सुरू झाली आणि पुढे दिल्लीत कनॉट प्लेसला आली. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डला शिकून आलेले मदन महट्टा स्वतंत्र भारताच्या राजधानीतल्या नव्या इमारतींच्या छायाचित्रांसाठी ओळखले जातात. पण व्यवसायाच्या दृष्टीने त्यांची मोठी कामगिरी दुसरी: १९५०च्या दशकात त्यांनी दिल्लीत रंगीत फिल्म धुण्याची सोय उभी केली. फोटो कुठेही काढलेला असो, तो पुरा होई लॅबमध्ये. रंग उजळ करायचा की दबवायचा, त्वचा किती तांबूस ठेवायची, हे लॅबचा माणूस ठरवी. २००७ साली लाइटरूम बाजारात आले तेव्हा ही लॅब, निदान तिचा निर्णय घेणारा अर्धा भाग, स्टुडिओवाल्याच्या टेबलावर आला. अंगावर पडलेली ही जबाबदारी अनेकांच्या अजून पुरती ध्यानात आलेली नाही. कॅमेऱ्यावर दीड लाख घालणारा माणूस मॉनिटर मात्र दुकानात होता तोच वापरतो, तोही ब्राइटनेस पूर्ण चढवून, आणि मग छापून आलेला अल्बम काळपट का दिसतो म्हणून लॅबवाल्याशी भांडतो.

आता अल्बमच घेऊ. उत्तर भारतात आणि आपल्याकडेही लग्नाच्या अल्बमचे रूढ माप आहे १२ बाय ३६ इंच, उघडलेल्या पानाचे. ३०० डीपीआयने छापायचे तर शीट होते ३६०० गुणिले १०८०० पिक्सेलची, म्हणजे जवळजवळ ३९ मेगापिक्सेल. हा आकडा ऐकून माणूस घाबरतो आणि ४५ मेगापिक्सेलची बॉडी शोधू लागतो. पण असे संपूर्ण पान व्यापणारे चित्र अख्ख्या अल्बममध्ये दोन-चारच असतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची फाइल ६००० पिक्सेल रुंद असते. ती ३६ इंचांवर ताणली तरी इंचाला सुमारे १६७ पिक्सेल मिळतात, आणि मांडीवर अल्बम घेऊन बघणाऱ्या मावशींना त्यात उणे काही दिसत नाही. बाकीच्या पानांवर तीन-चार फोटो शेजारी शेजारी बसतात, तिथे २४ मेगापिक्सेलही गरजेपेक्षा जास्तच आहेत. शेवटाकडून हिशेब मांडला की वाचलेले पैसे लेन्सकडे आणि दिव्यांकडे वळवता येतात.

दिव्यांचा विषय मात्र सविस्तर बोलण्यासारखा आहे, कारण उपकरणे गावाप्रमाणे बदलतात ती इथे. आपल्याकडची बरीचशी लग्ने दिवसाउजेडी लागतात. मंगल कार्यालयाच्या खिडक्यांतून ऊन येते, वर ट्यूबलाइट, मंडपाचे कापड पिवळे किंवा लाल, आणि त्याची छटा सगळ्यांच्या गालांवर. मेरठ-मुझफ्फरनगरकडची वरात रात्री निघते, फेरे मध्यरात्र उलटून गेल्यावर होतात. बँक्वेट हॉलमध्ये जांभळे, हिरवे, निळे एलईडी. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. शटर १/२५० ठेवले की एका फोटोत नवरी उजळ, पुढच्यात मळकट, तर कधी चित्रावर आडवे काळे पट्टे. १/१०० किंवा १/५० वर आले की हे बरेचसे थांबते. डिमरवर चालणाऱ्या एलईडीचे गणित वेगळे असते, आणि मिररलेस कॅमेऱ्याचे आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर तर हा त्रास वाढवते, कारण सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. हे ज्याला ठाऊक आहे त्याचा पाच वर्षे जुना कॅमेराही चालतो. ज्याला ठाऊक नाही त्याने नवा घेतला तर पट्टे अधिक स्वच्छ दिसतात, इतकेच.

दुसरी गोष्ट लाल रंगाची. नवरीचा लाल लेहंगा असो की आपल्याकडचा लाल शालू, उबदार किंवा लालसर दिव्याखाली फोटोतला लाल चॅनेल सगळ्यात आधी भरून वाहतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा एकत्रित हिस्टोग्राम ठीक दिसत असतो, पण लालचा वेगळा आलेख उजव्या भिंतीला टेकलेला असतो, आणि कापडावरची जर, विणकाम, घड्या सगळे एका सपाट डागात जाते. तिन्ही रंगांचे आलेख सुटे दाखवण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. ती सुरू करून घेणे हा माझ्या मते या व्यवसायातला पहिला धडा. रॉ फाइल काढली असेल तर थोडे परत मिळवता येते, कारण १४ बिटच्या रॉमध्ये दर चॅनेलला १६,३८४ पायऱ्या असतात आणि जेपेगमध्ये २५६. पण पुरता भरून गेलेला चॅनेल रॉमधूनही परत येत नाही.

हवामानाचेही असेच. डिसेंबर-जानेवारीत त्या भागात रात्री धुके उतरते. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारला तर धुक्याचे कण उजळतात आणि वरात पडद्याआड जाते. दिवा बाजूला, स्टँडवर हवा. बाहेरच्या थंडीतून गरम हॉलमध्ये शिरताच लेन्सवर दव धरते, म्हणून कॅमेरा थोडा वेळ बंद बॅगेतच राहू द्यावा. नोव्हेंबरात धूर आणि धूळ असते, तेव्हा हात सॉफ्टवेअरमधल्या डीहेझ नावाच्या पट्टीकडे जातो. ती थोडी ओढावी. जास्त ओढली की आकाश शिशासारखे आणि माणसांची तोंडे माखल्यासारखी होतात. धुके हा त्या दिवसाचा भाग होता, तो सगळा पुसून टाकण्यात शहाणपण नाही, असे मला वाटते.

सॉफ्टवेअर शिकणारा बहुधा प्रीसेटपासून सुरुवात करतो. यूट्यूबवर कोणीतरी दिलेला प्रीसेट लावला की हिरवी झाडे तपकिरी होतात आणि चेहरे नारिंगी. हळदीचा फोटो असेल तर विचारूच नका. शिकण्याचा क्रम उलटा हवा. आधी व्हाइट बॅलन्स, मग एक्स्पोजर, मग कर्व्ह, आणि मास्क सगळ्यात शेवटी. लाइटरूमची दरमहा वर्गणी जड जात असेल त्याच्यासाठी डार्कटेबल आणि रॉथेरपी फुकट आहेत. त्यांत सवय व्हायला वेळ लागतो, पण त्या सवयीने रंगाचे शास्त्र पक्के होते. व्हिडिओच्या कामासाठी दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती छोट्या स्टुडिओला पुष्कळ पुरते.

देवनागरीचा प्रश्न तर पुस्तकांत कुठे सापडत नाही. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मराठी टाइप केले की 'शुभविवाह'मधली वेलांटी व च्या पुढे जाऊन बसते आणि 'चि. सौ. कां.'चे काय होईल सांगता येत नाही. उपाय साधा आहे: प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात जाऊन वर्ल्ड-रेडी लेआउट निवडायचा. तो ठाऊक नसल्यामुळे कितीतरी डिझायनर आजही जुन्या फाँटांवर, श्रीलिपीच्या काळातल्या सवयींवर काम चालवतात, आणि मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की गोंधळ.

साठवणुकीबद्दल एक खरी हकिगत पुरे. दिल्लीचे वृत्तछायाचित्रकार कुलवंत रॉय यांनी स्वातंत्र्याच्या आगेमागे गांधी, नेहरू, जिना, पटेल यांना जवळून टिपले. पुढे ते जगप्रवासाला निघाले आणि वाटेतून आपले काम टपालाने दिल्लीला धाडत राहिले. परत आले तेव्हा ती पाकिटे पोचलेलीच नव्हती. १९८४ साली ते वारले. उरलेल्या पेट्या छायाचित्रकार आदित्य आर्य यांच्याकडे आल्या आणि कित्येक वर्षांनी उघडल्या गेल्या. याच आर्य यांच्या पुढाकाराने गुरुग्राममध्ये २०१९ साली म्युझिओ कॅमेरा हे संग्रहालय उभे राहिले. एकेकाळी ज्यांच्यासाठी कर्ज काढले गेले असेल अशा कॅमेऱ्यांच्या रांगा तिथे आता कपाटांत बसलेल्या आहेत. एका लग्नात तीन हजार रॉ फ्रेम धरल्या, दर फ्रेम २५ एमबी, तर ७५ जीबी होतात. दोन वेगळ्या डिस्कवर एकेक प्रत आणि तिसरी घराबाहेर, एवढा खर्च कोटेशनमध्येच धरावा.

आता बॉडी. दोन कार्डांचे स्लॉट असावेत, म्हणजे एक कार्ड करप्ट झाले तरी लग्न पुन्हा लावायची वेळ येत नाही. पक्के बिल आणि भारतातली वॉरंटी असावी. बिनबिलाचा माल चार पैसे स्वस्त पडतो, पण बिघडल्यावर सर्व्हिस सेंटर त्याला दारात उभे करत नाही. सेकंडहँड घेताना शटर काउंट पाहावा. ५० एमएम एफ १.८ लेन्स आधी विकत घ्यावी, ७०-२०० भाड्याने आणावी. साधने मोजकी असली म्हणून काम अडत नाही. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला १९४२ साली दिल्लीत आल्या आणि १९७०च्या सुमारास त्यांनी काम थांबवले. स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स यांची नावे त्यांच्या कामाशी जोडलेली आहेत. पहिल्यात एका होल्डरमध्ये फिल्मचे दोनच ताव बसत आणि दर फोटोला फ्लॅशचा बल्ब बदलावा लागे.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यासाठी न सुटलेले प्रश्नही पुष्कळ आहेत. मुलीला जरा गोरी करून द्या, ही मागणी मेरठात आणि मालेगावात सारखीच होते. फार तर डाग काढावा, रंगाला हात लावू नये, असे माझे मत आहे, पण मत वेगळे आणि गिऱ्हाईक टिकवणे वेगळे. त्याहून अवघड मागणी वारलेल्या आजोबांना कुटुंबाच्या फोटोत बसवून देण्याची. जुने स्टुडिओ हे कात्रीने आणि ब्रशने करत, पुढे फोटोशॉपच्या लेयरने झाले, आणि २०२३पासून जनरेटिव्ह फिल आल्यावर ते काही मिनिटांत होऊ लागले. आजोबा आता कडेला चिकटवल्यासारखे दिसत नाहीत, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहतात, अंगावर त्या दिवशीचाच उजेड असतो. असे चित्र अल्बममध्ये घालावे की वेगळी फ्रेम करून द्यावे, मागे तारीख आणि 'जोडलेले चित्र' असे लिहावे की नाही, त्याचा दर किती लावावा, यावर दोन स्टुडिओवाल्यांचे एकमत सापडणे कठीण आहे.