गारपगाऱ्यांचा हक्क

दक्षिण गोलार्धातील ब्युनॉस आयर्स या सौम्य हवेच्या शहरी 9 जुलै 2007 रोजी, 1918 नंतर प्रथमच, हिमवर्षाव झाला, तेव्हा नागरिक हर्षभराने रस्त्यावर आले; तापीखोऱ्यात मात्र आकाशातून बर्फ पडते ते गारांच्याच रूपाने, आणि तेही बहुधा गहू ओंबीला, हरभरा घाट्याला व दादर ज्वारी कणसाला आलेली असताना, त्यामुळे त्याच्या आगमनाचा हर्ष येथे कोणास होत नाही.

ह्याच खोऱ्यातील बोदवड हे खानदेशच्या पूर्व सीमेवरील गाव. 1867 साली नागपूरला पोहोचलेल्या लोहमार्गाने भुसावळहून निघाले की बोदवडपुढे मलकापूर लागते, आणि तेथे वऱ्हाडात प्रवेश होतो. ह्या वऱ्हाडात व नागपूर प्रांतात गारांचे निवारण हे एका जातीचे वंशपरंपरागत कामच होते. रसेल आणि हिरालाल यांच्या जातीजमातींविषयीच्या 1916 सालच्या ग्रंथात ह्या गारपगाऱ्यांची संख्या 1911 च्या शिरगणतीनुसार सुमारे 9000 दिली असून, ते मूळचे नाथपंथी जोगी, भगवी वस्त्रे व रुद्राक्षमाळ धारण करणारे, असे वर्णन आहे. रात्री आभाळ तांबडे-काळे झाले की गारपगारी तलवार घेऊन मारुतीपुढे उभा राही. प्रथम विनवणी करी, ती व्यर्थ गेल्यास अंगावरची वस्त्रे फेकून प्राण देण्याची धमकी देई, आणि अखेर बोट कापून रक्त काढी.

त्यांची मूळकथा अशी, की एक जोगी गावच्या कुणबी मालगुजाराबरोबर काशीस गेला असता त्याने गावावरील गारपिटीचे भाकीत केले, आणि भरपाईचे वचन घेऊन ती सारी स्वतःच्याच शेतावर ओढून घेतली. परतल्यावर त्याचे एकट्याचे शेत झोडपलेले आढळले व गावाने त्याचे नुकसान भरून दिले. ही कथा चमत्काराची म्हणून सोडून देण्याजोगी नाही. गारपीट पट्ट्याने होते. एका बांधाच्या अलीकडे पीक भुईसपाट आणि पलीकडे उभे, असा तिचा न्याय असल्याने, एकावर कोसळलेला तोटा साऱ्यांनी वाटून घ्यावा, हा ग्रामव्यवहारातील अत्यंत शहाणा विचार तिच्यात मंत्रतंत्राच्या वेषाने वावरतो.

पुढे श्रद्धा ओसरली, गावकऱ्यांनी ह्या कामाबद्दल द्यावयाच्या धान्याचा हात आखडता घेतला आणि गारपगारी दैन्यास लागला. सरकारने 1884 च्या कायद्याने शेतकऱ्यास तगाई देऊ केली; परंतु तगाई हे कर्ज, तोटा ज्याचा त्याच्याच माथी ठेवणारे. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारा कोसळल्या, तेव्हा तलाठ्यांचे पंचनामे झाले आणि सरकारी मदत जाहीर झाली. म्हणजे तोटा वाटून घेण्याचे तत्त्व राज्याच्या खजिन्यातून पुन्हा मान्य झाले. फरक एवढाच, की जोग्याला भरपाईचे वचन गारा पडण्यापूर्वी मिळाले होते.