छावणीचे चाक

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात ‘शिंदे की छावनी’ नावाची एक गजबजलेली वस्ती आहे. छावणी म्हटली की डोळ्यांपुढे राहुट्या, पागा आणि तोफांचे गाडे उभे राहावेत. पण तेथे आज दुकाने आहेत, रहदारी आहे आणि कर्ण्यांचा कोलाहल आहे. तरीही गतवर्षी पावसाळ्याच्या अखेरीस त्या बाजूस तासभर उभे राहून जे काम मी पाहिले, ते खऱ्या छावणीला शोभेल असे होते. वाकलेले चाक सरळ करण्याचे ते काम होते.

माझा एक जुना विद्यार्थी हिमालयातल्या डोंगरवाटा तुडवून मोटारसायकलीने वसईकडे परतत होता. ग्वाल्हेरच्या अलीकडे पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात त्याचे पुढचे चाक आदळले. मी आप्तांकडे ग्वाल्हेरास आलो आहे हे ठाऊक असल्याने त्याने मला दूरध्वनी केला. चाकाची रिम एका जागी आत बसली होती आणि चाक फिरवले की ते झिंगलेल्या माणसासारखे डुलत होते. पहिल्या दुकानदाराने सांगितले, “अख्खे चाक बदला, आठ दिवसांनी येईल.” दुसरा एक वृद्ध कारागीर काहीच बोलला नाही. त्याने गाडी उभी करवून चाक सोडविले आणि आम्हाला बाकाकडे बोट दाखविले. त्या बाकावर बसून मला जे आठवले ते आज सांगतो.

१८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला आणि तो तळ पुढे उठलाच नाही. लष्कर हे शहराचे नावच त्याची साक्ष देते. त्यापूर्वी शिंद्यांची दौलत बहुतांशी चाकांवर आणि खुरांवर वसलेली होती. थॉमस ड्युअर ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९ साली रेसिडेंटाच्या रक्षकांचा नायक म्हणून या फिरत्या छावणीत होता. त्याची पत्रे १८१३ साली लंडनमध्ये छापली गेली. बिनीवाला पुढे जाऊन महाराजांच्या देवडीच्या जागी पांढरे निशाण रोवी आणि त्या निशाणाच्या अनुरोधाने बाजाराच्या पेठा मांडल्या जात, असे तो लिहितो. आज येथले गाव उद्या तिथे! अशा गावाला सुतार आणि लोहार सोडून चालणे शक्यच नव्हते.

त्यातच महादजींनी १७८४ साली दब्वॉञ या साव्हॉयच्या सेनानीला पदरी ठेवून कवायती पलटणी उभारल्या. त्या पलटणींना मराठीत ‘कंपू’ म्हणत. ग्वाल्हेरातल्या एका भागाला अद्याप तेच नाव आहे. आपण मात्र तो शब्द आता टोळक्यासाठी वापरतो. आग्ऱ्यास सांगस्टर नावाचा स्कॉट गृहस्थ या कंपूंसाठी तोफा ओतीत असे. शिलेदार घोड्यावर बसून रानावनातून निघून जाई. तोफेला गाडा लागे, गाड्याला चाके लागत आणि चाकांना वाट लागे. इतिहासाची आमची क्रमिक पुस्तके तोफांविषयी पानेच्या पाने सांगतात आणि चाकांविषयी मुकी राहतात. मी स्वतः वीस वर्षे तसेच शिकवीत आलो, हे कबूल केले पाहिजे. वस्तुतः जागची न हलणारी तोफ म्हणजे शत्रूला दिलेला नजराणाच. १८०४ च्या पावसाळ्यात यशवंतराव होळकरांपुढून माघार घेणाऱ्या कर्नल मॉन्सनला चिखलात रुतलेल्या तोफा निकामी करून तशाच टाकून जावे लागले होते.

आता लाकडी चाकाची रचना पाहा. मध्ये तुंबा, तुंब्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसविलेले कमानदार पुठ्ठे आणि या सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव. आपल्या खेड्यांत धाव चढविण्याचा सोहळा पुष्कळांनी पाहिला असेल. ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवतात, गोवऱ्यांच्या जाळात लाल करतात, तापून प्रसरण पावली की चाकावर बसवितात आणि वर पाणी ओततात. वाफेच्या लोटात सगळे सांधे करकरून घट्ट होतात. या चाकाचा एक आरा मोडला तर धाव उतरवून तेवढाच आरा बदलता येतो. एकसंध भरीव चाकाला ही सोय नाही. ते तडकले की संपले. सोलापूर भागात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत तशीच जड, भरीव चाकांची गाडी चाले. जमीनमोजणी खात्यातल्या लेफ्टनंट गेसफर्डने १८३० नंतरच्या दशकात टेंभुर्णीस सुधारलेल्या गाड्या बांधविण्याचे काम आरंभिले, तेव्हा हलकी आऱ्यांची गाडी त्या मुलखात रुळू लागली.

लाकडी आऱ्याची जागा पोलादी तारेने घेतली ती युरोपात. १८७० साली कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी तारांच्या चाकाची सायकल काढली. १८७४ साली स्टार्लीने तारा तुंब्यापासून तिरप्या नेऊन एकमेकींवरून ओलांडण्याची रीत पेटंट करून घेतली. आज मोटारसायकलीच्या चाकात दिसते ती हीच. तिच्यात एक मोठा पालट आहे. लाकडी आरा खांबासारखा उभा राहून ओझे पेलतो. तार बिचारी दाबली तर तत्काळ वाकेल. म्हणून ती दोरीसारखी आधीच ताणून ठेवावी लागते. चारी बाजूंनी सारख्या ओढल्या गेलेल्या तारांच्या मध्ये तुंबा, म्हणजे हल्लीचे हब, अधांतरी तोलून धरलेले असते. हा ताण बिघडला की चाक बिघडले.

आमच्या कारागिराने प्रथम टायर आणि ट्यूब उतरविली. मग चाक आसावर फिरवीत त्याने एका पान्याने प्रत्येक तार हलकेच ठोकली. ताणलेली तार टणत्कार करी, सैल तार बद्द वाजे. सतार जुळविणाऱ्या गवयाचे लक्ष असावे तसे त्याचे लक्ष होते. मग खडूचा तुकडा रिमेजवळ धरून त्याने डोलण्याची खूण घेतली. आपले सायकलवाले याला ‘आऊट काढणे’ म्हणतात. रिम डावीकडे झुकली असेल तर त्या जागेवरच्या डाव्या तारांची निपले किंचित सैल करावयाची आणि उजव्या तारांची आवळावयाची. एका वेळी पाव फेरा, फार तर अर्धा. घाई करील तो चाक अंड्यासारखे करील. पुष्कळ निर्मात्यांच्या पुस्तकांत ही डोल २ मिलिमीटरांहून अधिक चालत नाही.

पण तेवढ्यात तो थांबला. रिम जिथे आत बसली होती तिथे त्याने चिंधीने पुसून पाहिले, तो एका तारेच्या छिद्रापासून निघालेली केसासारखी चीर दिसली. माझा विद्यार्थी म्हणाला, “थोडे ठोकून घ्या ना चाचा, घरापर्यंत पोचलो की बदलीन.” पोलादी रिम लाकडाचा ठोकळा लावून काही मर्यादेपर्यंत ठोकून सरळ होते, ॲल्युमिनियमची मात्र वाकवून पुन्हा सरळ करताना तडकण्याची भीती असते, आणि ही तर आधीच तडकलेली. कारागीर म्हणाला, “तार से टूटा हुआ नहीं जुड़ता, बेटा.” तारा कितीही आवळल्या तरी आदळून बसलेला खळगा त्यांनी वर येत नाही; उलट तारा तुटतात. वेगात पुढचे चाक दगा देईल तर स्वार कुठे जाऊन पडेल, हे सांगण्याची आवश्यकता नव्हती. मुलगा गप्प झाला.

पहिला दुकानदार निम्मा बरोबर होता, असे मला तेव्हा वाटले. बदलायचे होतेच, पण अख्खे चाक नव्हे. हब निर्दोष होते, ब्रेकची तबकडी निर्दोष होती. हल्लीची साच्यातून ओतलेली मिश्रधातूची चाके शहरात फार सोयीची. त्यांचा आऊट काढावा लागत नाही. पण ती तडकली तर तुकडा बदलता येत नाही, तुंब्यापासून घेरापर्यंत सगळे टाकावे लागते. खडतर वाटांसाठी बांधलेल्या गाड्यांना म्हणून अद्याप तारांची चाके देतात; २०१६ साली आलेल्या हिमालयन या गाडीलाही पुढे २१ इंची आणि मागे १७ इंची तारांचीच चाके होती.

कारागिराने मुलाला पाठवून त्याच मापाची रिम मागविली आणि खळग्याजवळच्या ताणल्या गेलेल्या तारांच्या जागी नव्या तारा घेतल्या. उघडण्यापूर्वी तारा कशा ओलांडल्या आहेत ते त्याने दोनदा निरखून पाहिले, मग एकेक तार नव्या रिमेत ओवली. तीन तास गेले. मजुरी त्याने सांगितली ती ऐकून मला संकोच वाटला; विद्यार्थ्याने थोडी अधिक दिली, ती त्याने मोजून परत केली.

निघताना त्याने एवढेच बजावले की नव्या तारा चालीत बसतात, तेव्हा शे-दोनशे मैलांवर एकदा ठोकून पाहा. शिवपुरी, गुणे करीत मुलगा आग्रा-मुंबई रस्त्याने इंदुरास पोचला, तेव्हा त्याने तसे केले. दोन तारा बद्द वाजल्या.