शून्य, एक, चार, सहा

एका रेषेवर चार अँटेना ठेवा: ०, १, ४ आणि ६ या खुणांवर. त्यांच्या जोड्या सहा. त्या जोड्यांमधली अंतरं १, २, ३, ४, ५, ६. एकही सुटत नाही, एकही दोनदा येत नाही. सूर्याच्या रेडिओलहरी टिपण्यासाठी फ्रान्सच्या जाक आर्साकने १९५५ मध्ये ही मांडणी वापरली.

तिरकी येणारी लहर दोन अँटेनांपर्यंत मागेपुढे पोचते आणि तो उशीर त्यांच्यातल्या अंतरावर ठरतो. त्यामुळे दिशा शोधताना महत्त्व अंतरांना. सिडनीजवळ पॉट्स हिलला रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ ख्रिस्तियानसेनने ३२ तबकड्या समान अंतरावर मांडल्या होत्या. जोड्या ४९६, वेगळी अंतरं फक्त ३१!

नवल म्हणजे आर्साकच्या दोन वर्षं आधी अमेरिकेत डब्ल्यू. सी. बॅबकॉकही असाच संख्यांचा खेळ मांडून बसला होता. त्याला आकाशाशी देणंघेणं नव्हतं. रेडिओच्या वाहिन्या एकमेकींत मिसळून तिसरीवर खरखर उठू नये, म्हणून त्यांच्या वारंवारितांमधला फरक दोनदा येता कामा नये, एवढंच त्याचं गणित. गणितप्रेमी तर मूळपुरुषाचा मान १९३२ च्या सिडॉन या गणितज्ञाला देतात आणि अशा मांडणीला गोलोम्बची पट्टी म्हणतात.

मला हे कुळ मान्य नाही. सिडॉन आणि बॅबकॉक यांची अट ‘पुनरावृत्ती नको’. आर्साकची गरज ‘खंड नको’. चार खुणांपर्यंत दोन्ही एकत्र नांदतात, पाचव्या खुणेला वाटा फुटतात. ०, १, ४, ९, ११ मध्ये पुनरावृत्ती नाही, पण ६ हे अंतर हरवतं. ०, १, ४, ७, ९ मध्ये ३ दोनदा येतं, पण १ ते ९ सगळी अंतरं हाती लागतात. १९६८ मध्ये ॲलन मॉफेटने दुसरी वाट धरली: आधी अखंडता, मग पुनरावृत्ती जमेल तितकी कमी.

पिया पाल आणि पी. पी. वैद्यनाथन यांची २०१० ची रचना याच वाटेवरची आहे. १, २, ३, ४, ८, १२ या खुणांवर सहा संवेदक, म्हणजे अँटेना, ठेवले की ११ पर्यंतचं प्रत्येक अंतर मिळतं. लहरींचे उगम परस्परांशी असंबद्ध असतील, तर सहा संवेदकांवर ११ दिशा ओळखता येतात. ही किमया अखंड अंतरांची आहे. म्हणून मोजक्या अँटेनांच्या अशा विरळ मांडणीच्या वंशावळीत पहिलं नाव मी आर्साकचंच लिहीन.