कोणी हात लावला होता?

आमच्या नांदेडच्या घरी कॉम्प्युटर आला तो २००७च्या दसऱ्याला. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. सरकारी कर्मचाऱ्यांना एमएस-सीआयटी आवश्यक झाली होती, म्हणून कर्ज काढून असेम्बल केलेला पीसी घेतला. कॅबिनेटला हळद-कुंकू लागलं, मॉनिटरवर आईने विणलेला रुमाल आला आणि सहा महिन्यांत घरात एक नवा शब्द रुळला: हँग.

हँग म्हणजे माऊसचा बाण जागच्या जागी थिजायचा. तीन बटणं एकदम दाबूनही काही हलायचं नाही. मग वडिलांचा ठरलेला प्रश्न यायचा, "कोणी हात लावला होता?"

उत्तरही ठरलेलं असायचं: ताईने.

मी आज सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि बिघाडाचं मूळ शोधणं हे माझं रोजचं काम. म्हणून या जुन्या बिघाडाचा इतिहास एकदा नीट मांडावासा वाटतो. इतिहास म्हणण्याचं कारण असं की तो बिघाड पेटीच्या आत होता, पण त्याची कारणं पेटीच्या बऱ्याच बाहेर होती.

कॉम्प्युटर आपल्याकडे आला तोच थंड खोलीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफरॅक' हे भारतात बांधलेलं यंत्र पूर्णपणे सुरू झालं. त्यात सुमारे २७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि त्याला वातानुकूलित दालन लागायचं. पुढे यंत्रं लहान झाली तरी ती थंड खोली डोक्यात राहिली. कॉलेजच्या लॅबबाहेर चपला काढायची पद्धत त्यातलीच. घरगुती पीसी मात्र एसीशिवाय आमच्या बैठकीत येऊन बसला. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर, खिडकीतून धूळ, शेजारी कूलरची दमट हवा. धूळ बसू नये म्हणून काम संपताच आम्ही गरम कॅबिनेटवर प्लास्टिकचं कव्हर चढवायचो. काळजीपोटी त्याचा श्वास कोंडत होतो.

दुसरी गोष्ट लाइटची. २००१मध्ये दाभोळचा वीजप्रकल्प बंद पडला आणि पाच वर्षं बंदच राहिला. मागणी वाढत गेली, नवी निर्मिती तेवढी झाली नाही. जून २००५मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली, तोवर भारनियमन हेच वेळापत्रक झालं होतं. कुठे किती तास लाइट जाणार हे वीजगळती आणि वसुलीवरून पाडलेल्या गटांवर ठरायचं. मराठवाड्यातल्या कितीतरी फीडरांच्या वाट्याला खालचे गट आले.

लाइट गेल्यावर पीसीचा पॉवर सप्लाय साठवलेल्या विजेवर किती वेळ तग धरतो? साधारण एका आवर्तनाएवढा, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढा. तेवढ्यात यूपीएसने भार उचलायचा असतो. पण तासन् तास भारनियमन आणि वरून उन्हाळा, यात यूपीएसची बॅटरी वर्षभरात मान टाकायची. लाइट यायची तीही कधी दबलेली, कधी उसळलेली. नियमाने २३० व्होल्टच्या वर-खाली सहा टक्के चालतात. आमच्याकडे शेतपंप सुरू झाले की ट्यूबलाइटही लागायची नाही.

तिसरी गोष्ट थेट मदरबोर्डवरची. १९९९ ते २००७च्या सुमारास जगभरात सदोष कॅपॅसिटरांची साथच आली होती. प्रोसेसरला मिळणारी वीज एकसारखी ठेवणाऱ्या या छोट्या डब्या. आतल्या द्रवाचं मिश्रण चुकल्याने त्यात वायू धरायचा आणि डबीचं डोकं फुगायचं. २००५मध्ये डेल कंपनीने यापायी तीस कोटी डॉलर बाजूला काढले होते. ती साथ थंड देशांतही होती. पण कॅपॅसिटरबद्दल एक ढोबळ नियम आहे: तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. म्हणजे बावीस अंशांच्या खोलीत आठ वर्षं टिकणारी डबी बेचाळीसच्या खोलीत दोन वर्षांत संपते.

आता २००८च्या मे महिन्यातलं आमचं घर. सकाळी मी गेम खेळायचो. ताई तेव्हा आईसोबत स्वयंपाकघरात. दुपारी जेवणं झाली, भांडी आवरली की तिची पाळी. म्हणजे हवा गार आणि लाइट बरी असायची तेव्हा मी, आणि सगळं तापलेलं असायचं तेव्हा ती. कॉम्प्युटर हँग व्हायचा तो दरवेळी तिच्याच हातात.

"काय करायलीस तू त्याला?" वडील विचारायचे.

"काहीच नाही. टाइप करायले."

ती आजीच्या जात्यावरच्या ओव्या टाइप करत होती. आजी आठवेल तशी सांगायची आणि ताई मराठी फॉन्टमध्ये एकेक अक्षर शोधत लिहायची. साठेक ओव्या झाल्या असतील.

दुरुस्तीला एक मुलगा यायचा. त्याला सगळे इंजिनिअर म्हणायचे. तो सकाळी यायचा, तेव्हा पीसी शहाण्यासारखा चालायचा. मग निदान एकच, "व्हायरस असेल, फॉरमॅट मारावं लागेल." त्याने रीतीप्रमाणे विचारलं, "डेटा काही महत्त्वाचा आहे का?"

वडील म्हणाले, "नाही. पोरांचे गेम आहेत."

ताई त्या वेळी स्वयंपाकघरात होती.

पुढच्या आठवड्यात दुपारी कॉम्प्युटर पुन्हा हँग झाला. त्या वर्षात तीनदा फॉरमॅट मारलं. नंतर ताई त्याच्याजवळ बसेनाशी झाली. ओव्या पुन्हा लिहिल्या गेल्या नाहीत आणि पुढे आजीही गेली. एका कॅपॅसिटरमुळे ताई इंजिनिअर झाली नाही असं मी म्हणणार नाही. त्याला इतरही कारणं होती. पण मी झालो, आणि सकाळची पाळी माझी होती, एवढं खरं.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असताना माळ्यावरचा तो पीसी मी खाली काढून उघडला. प्रोसेसरच्या बाजूला पाच कॅपॅसिटर, त्यातल्या चारांची डोकी फुगलेली, एकावर वाळलेली तपकिरी खपली. पंख्यावर नमद्यासारखी धूळ. निदानाला पाच मिनिटंही लागली नाहीत. साधी खूणही होती: हँग झाल्यावर कॅप्स लॉक दाबायचं. दिवा लागत-विझत असेल तर यंत्र आत जिवंत असतं आणि संशय आधी सॉफ्टवेअरवर घ्यायचा. दिवाही हलला नाही तर आधी उष्णता, रॅम, वीज तपासायची. आमचा दिवा कधीच हलत नसे, हे मला आठवत होतं.

एप्रिल २०१६मध्ये लातूरला मावशीकडे गेलो. तिचा कॉम्प्युटर पेनड्राइव्ह लावला की थिजायचा आणि कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या. अर्थिंग नसलं की पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून कॅबिनेटवर असा दाब येतो. अंगणातला अर्थिंगचा खड्डा पाहिला. मीठ-कोळसा भरून तो ओला ठेवायचा असतो, कारण कोरडी माती वीज जिरवत नाही. खड्ड्याला भेगा पडल्या होत्या. मी म्हणालो, "मावशी, यात दोन बादल्या पाणी टाकावं लागेल."

मावशी माझ्याकडे बघतच राहिली. मांजरा धरण आटलं होतं. त्याच आठवड्यात, १२ एप्रिलला, मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे पाच लाख लिटर घेऊन लातूरला पोचली होती. मी पेनड्राइव्ह खिशात ठेवला.

ताई आता लातूरलाच असते. गेल्या मे महिन्यात दुपारी तिचा फोन आला. भाचीचा लॅपटॉप अडकला होता. मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "मी काही केलेलं नाही बरं का."

मी क्षणभर थांबलो. मग विचारलं, "ताई, लॅपटॉप गादीवर ठेवलाय का? आणि लाइट कशी आहे आज?"