न वटलेल्या नोटा

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन कागदी नोटांचे संग्रह पाहताना अभ्यासकाने प्रथम एक प्रश्न विचारावा असे आम्हांस वाटते : या नोटा उरल्या कशा? त्या काळी बँकेची नोट म्हणजे नाणे देण्याचे वचन. वचन पुरे झाले, की नोट बँकेकडे परत जाई आणि पुढे रद्द होई. साहजिकच, मागे उरलेल्या कागदांत न वटलेल्या वचनांचा भरणा मोठा आहे.

राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी १८३२ साली मध्यवर्ती बँकेच्या नव्या सनदेस नकार दिला व १८३६ साली तिची जुनी सनद संपली. त्यानंतर नोटा काढण्याचे काम मुख्यत्वे राज्यांच्या सनदी बँकांकडे राहिले. मिशिगन राज्याने १८३७ साली बँक काढणे सोपे केले, तेव्हा तपासनिसांना दाखविण्यासाठी तीच नाणी एका बँकेतून दुसरीत हलविली जात. त्यांपैकी बहुतेक बँका काही वर्षांतच बुडाल्या आणि नोटा लोकांच्या हाती राहिल्या.

यादवी युद्धात दक्षिणेच्या बंडखोर सरकारने हाच अनुभव मोठ्या प्रमाणावर दिला. त्याच्या अनेक नोटांवर शांततेचा तह झाल्यावर पैसे देण्याचे वचन छापलेले आहे. तो तह कधीच झाला नाही. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने ते सारे कर्ज रद्दबातल ठरविले. फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल अपहॅम याने १८६२ पासून छापून विकलेल्या या नोटांच्या नकलाही आज संग्राहक जपतात.

याउलट १८९० सालची संघसरकारची हजार डॉलरची नोट पाहावी. तिच्या पाठीवरील शून्ये कलिंगडासारखी दिसतात, म्हणून संग्राहकांत ती त्याच नावाने ओळखली जाते. या नोटेबद्दल सरकारी खजिन्यातून नाणे मिळे. म्हणूनच ती परत गेली आणि दुर्मिळ झाली. २०१४ साली अशी एक नोट सुमारे ३२ लाख ९० हजार डॉलरना विकली गेली. कायद्याने तिचे मोल मात्र आजही हजार डॉलरच आहे.

तेव्हा एखाद्या काळच्या नोटा विपुल सापडतात, एवढ्यावरून त्या काळी त्यांना पत होती असे अनुमान काढणे धोक्याचे आहे. पत ज्यांनी राखली, त्यांचा पुरावा बहुधा त्यांच्याच हातून नाहीसा झाला. संग्रहावरून इतिहास लिहिताना या रिकाम्या जागाही आम्ही वाचावयास हव्यात; एरवी त्या काळच्या प्रामाणिक बँकांवर आमच्या हातून अन्याय होईल.